एनएसएसच्या शिबिरातून नेतृत्व का घडत नाही? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारी आला की महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर एकसारखा फलक लागतो : राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस), विशेष श्रमसंस्कार शिबिर. पन्नासेक मुलं-मुली सात दिवस झेडपीच्या शाळेत मुक्काम करतात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ही योजना सुरू झाली. समाजाचं काम करता करता विद्यार्थ्याचं व्यक्तिमत्त्व घडावं, हाच तेव्हापासूनचा हेतू. एका स्वयंसेवकाच्या वाट्याला दोन वर्षांत २४० तासांचं नियमित काम येतं आणि एक निवासी शिबिर येतं. वर्गात कुठल्याच विषयाला एवढी मोकळी जागा मिळत नाही.

तरीही शिबिराहून परतलेल्या मुलाला विचारा, तू काय शिकलास? बहुतेकदा उत्तर येतं, "मजा आली सर, गावकरी खूप चांगले होते." ते खरंच असतं, पण सात दिवसांत एकही निर्णय त्याने घेतलेला नसतो. गाव सरांनी निवडलं, काम सरपंचांनी सांगितलं, गट मॅडमनी पाडले, पाहुणे प्राचार्यांनी बोलावले. मुलांकडे आलं ते फावडं आणि घमेलं. श्रमाची सवय लागणं ही मोठीच गोष्ट आहे. पण नेतृत्व यायचं तर निर्णय आणि त्याचा परिणाम, दोन्ही मुलांच्या अंगावर पडले पाहिजेत. शिबिरात होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

काम आधीच ठरलेलं असणं

शिबिराच्या पहिल्या दिवशी गाव पाहणारा स्वयंसेवक मजूर म्हणूनच काम करणार. त्याला काम नेमून दिलंय, त्याने ते निवडलेलं नाही. म्हणून गावभेट शिबिराच्या आधी, शक्यतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करावी. सगळ्यांना नेण्याची गरज नाही. दहा-बारा जणांनी दोन-तीन वेळा जावं, शिवारफेरी करावी, पाण्याच्या टाकीपाशी बायकांशी बोलावं, अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना भेटावं, कृषी सहायकांना गाठावं. आणि सरपंचांच्या घरचा चहा शेवटी घ्यावा. पहिल्याच भेटीत तिथे बसलं की गावातली दुसरी बाजू मुलांपाशी मोकळेपणाने बोलत नाही, हा बहुतेक गावांतला अनुभव आहे.

परत आल्यावर त्या मुलांनी बाकीच्यांपुढे तीन कामं मांडावीत. प्रत्येक कामाला किती माणसं लागतील, साहित्य कुठून येईल, परवानगी कोणाची, शिबिरानंतर ते कोण सांभाळणार, एवढ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनीच शोधायची. मग सगळ्यांनी मिळून एक काम निवडायचं. कार्यक्रम अधिकाऱ्याने, म्हणजे कॉलेजात एनएसएसची जबाबदारी असलेल्या शिक्षकाने, या बैठकीत कमीत कमी बोलावं. मुलं कदाचित तुमच्या मते दुय्यम असलेलं काम निवडतील. ते धोक्याचं नसेल तर निवडू द्या.

काम हंगामाला धरून आहे की नाही, हेही त्यांनीच तपासावं. डिसेंबरात शंभर रोपं लावून फोटो काढायचे आणि मार्चमध्ये एकाही रोपाला पाणी मिळू नये, हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. अशा कामातून मुलं काम उरकायला शिकतात, आणि गावालाही तेवढंच कळतं.

गटप्रमुख म्हणजे चांगलं बोलणारा मुलगा

उद्घाटनाला सूत्रसंचालन करणारा मुलगा आपोआप गटप्रमुख होतो. सातही दिवस तोच राहतो. बाकीचे त्याच्या मागे, मुली रांगोळीला आणि पोळ्या लाटायला. या एका सवयीने निम्म्या शिबिरार्थींची संधी जाते.

गटप्रमुख रोज बदला. मागे बसणाऱ्या मुलीच्या वाट्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी गट आला, तर तोवर दोघा-तिघांना चुकताना तिने पाहिलेलं असतं, त्यामुळे ती सावरते. पहिल्याच दिवशी तिला पुढे ढकलू नका. श्रमदानाचा गट मुलींकडे आणि स्वयंपाकघर मुलांकडे, अशी अदलाबदल किमान दोन दिवस तरी करा.

स्वयंपाकघराविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण शिबिरातलं नेतृत्वाचं सर्वांत अस्सल शिक्षण तिथेच होतं आणि तिकडेच कोणाचं लक्ष नसतं. आचारी लावला की भोजन समिती फक्त वाढपी उरते. आचारी असला तरी हिशोब मुलांकडेच हवा. पन्नास माणसं, एका वेळचा भात म्हणजे साधारण पाच किलो तांदूळ, असं घरून विचारून आलेली मुलं पहिल्या दिवशी तेवढेच शिजवतात. पण चार तास खोदकाम करून आलेल्या पोरांना तो पुरत नाही. शेवटच्या पंगतीला भात संपतो. आता समितीच्या प्रमुखाने काय करायचं? पुन्हा भात टाकायचा, की गावातून भाकरी मागवायच्या, की आधी समितीतल्यांनी उपाशी थांबायचं? सर तिथेच उभे असतात आणि सगळे त्यांच्याकडे बघतात. अशा वेळी सरांनी विचारावं, "तुमचं काय ठरलं?" आणि थांबावं. दुसऱ्या दिवशी तीच मुलं सकाळी सातला किराणा मोजताना दिसतात, सिलेंडर हलवून बघतात, उरलेल्या वरणाचं काय करायचं ते आधीच बोलून ठेवतात. कुठल्याही व्याख्यानातून हे येत नाही.

चूक व्हायच्या आधीच सरांनी सावरणं

वनराई बंधाऱ्याचं उदाहरण घ्या. मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेमुळे महाराष्ट्रभर रुजलेलं हे काम शिबिरासाठी फार सोयीचं आहे. पावसाळा संपल्यावर ओढ्याला धार असेतोवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून पाणी अडवायचं. खर्च जवळजवळ नाही, आणि काम बरं झालं की वाईट ते लवकरच डोळ्यांपुढे येतं.

मुलं हमखास काय करतात? गोणी तोंडापर्यंत ठासून भरतात. अशी गोणी दगडासारखी ताठ राहते, शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी निघतं. ती थोडी रिकामी ठेवून तोंड शिवायचं असतं, म्हणजे रचल्यावर पसरून बसते. दुसरी चूक रचण्याची. वरची गोणी खालच्या गोणीवर बरोबर ठेवली की सगळे सांधे एका रेषेत येतात. विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवायचे, दोन थरांत चिकणमाती घालायची. तिसरी म्हणजे पायाची वाळू न काढताच बांध चढवायचा आणि दोन्ही टोकं काठात न घुसवता नुसती टेकवायची. मग पाणी बंधाऱ्याखालून आणि बाजूने वाट काढतं.

हे सगळं सरांना ठाऊक असेल, तर पहिल्या गोणीपासून टोकायचा मोह होतो. आवरा. आधी गावातल्या एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला मुलांनीच बोलावून आणावं, त्यांच्याशी बोलून पद्धत ठरवावी. तरीही चुकलं तर दोन थर चुकू द्या. पाणी गळायला लागलं की मुलं गोंधळतात, एकमेकांवर ढकलतात, कोणी म्हणतं चालेल, कोणी म्हणतं उचका. थर उचकायचा निर्णय ज्या क्षणी गटातलं कोणी तरी मोठ्याने बोलून दाखवतं आणि बाकीचे कुरकुरत का होईना ऐकतात, त्या क्षणासाठी तर हे शिबिर असतं. तो क्षण सरांनी आपल्याकडे घेऊ नये.

मात्र काही गोष्टी मुलांवर सोडायच्याच नाहीत. विहीर, नदीचा डोह आणि वाहतं पाणी यांच्याजवळचे नियम, मुलींच्या निवासाची आणि स्वच्छतागृहाची व्यवस्था, प्रथमोपचार आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, अडगळीतले दगड-पालापाचोळा हलवताना साप-विंचवाची खबरदारी, आणि पैशांवरची सही. हे कार्यक्रम अधिकाऱ्याचंच काम. मुलांना स्वातंत्र्य दिलंय म्हणून इथे ढिलाई झाली तर ते स्वातंत्र्य पुढच्या वर्षी कोणीच देणार नाही.

हुकूम देणं म्हणजेच नेतृत्व, असं वाटणं

शहरातल्या कॉलेजांना गाव लांब पडतं, पण त्यांच्याकडे विसर्जन घाट असतात. निर्माल्य संकलनाला उभी असलेली मुलं सुरुवातीला शिट्ट्या वाजवतात, "पाण्यात टाकू नका" असं ओरडतात. लोक चिडतात. अनंत चतुर्दशीला दहा दिवसांचा बाप्पा हातात घेऊन आलेल्या कुटुंबाला कोणी दरडावलेलं चालत नाही आणि चालूही नये. तिथे ज्याला जमतं तो मुलगा आधी पाट धरायला हात लावतो, आरती होऊ देतो, मग म्हणतो, "काका, हार-दुर्वा माझ्याकडे द्या. याचं खत होणार आहे, ते बागेत जातं." काका पाकळ्या पाण्यात सोडतात, बाकी पिशवी देतात. त्या मुलाकडे ना गणवेशाचा धाक असतो ना दंडाचं पुस्तक. अधिकार नसताना माणसं आपल्या बाजूला आणणं हे त्याला त्या रात्री जमलं.

घाटावर जाण्याआधी कॉलेजात याचा सराव करून घ्या. एकाने चिडलेले आजोबा व्हायचं, एकाने स्वयंसेवक. आणि निर्माल्याचं पुढे खरोखर खत होतं का, हे मुलांना नेऊन दाखवा. स्वतःची खात्री नसलेलं वाक्य बोलताना मुलं अडखळतात, आणि लोकांना ते लगेच कळतं.

बौद्धिकाचा मारा आणि आढाव्याला सुट्टी

दुपारी तीनला, जेवणानंतर, सतरंजीवर बसून 'यशाची सूत्रे' ऐकणारी मुलं पेंगतात, यात त्यांचा दोष नाही. रोज दोन व्याख्यानांऐवजी एकच ठेवा, आणि शक्यतो गावाच्या कामाशी जोडलेलं. तलाठी, ग्रामसेवक, बचत गटाच्या अध्यक्षा यांना बोलवा आणि प्रश्न मुलांना विचारू द्या.

वाचलेला वेळ रात्रीच्या आढावा बैठकीला द्या. गोल करून बसायचं, त्या दिवशीच्या गटप्रमुखाने बैठक चालवायची. आज काय ठरवलं होतं, काय झालं, उद्या काय बदलायचं. एवढंच. नावं घेऊन उणीदुणी काढायची नाहीत, पण "गोण्या वेळेवर आल्या नाहीत" हे सांगायचंच. पहिल्या दोन रात्री सगळे गप्प असतात. घाबरून सरांनी भाषण सुरू करू नये. चौथ्या रात्री बैठक आवरावी लागते.

गट अडला तर

दोघेच राबतात आणि बाकीचे सेल्फीत, ही तक्रार प्रत्येक शिबिरात येते. कामाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर नाव टाका. 'सगळ्यांनी मिळून' दिलेलं काम कोणाचंच नसतं. एखादा गटप्रमुख सगळं स्वतःच करत सुटला असेल तर अर्धा दिवस त्याला दुसऱ्या गटात साधा स्वयंसेवक म्हणून पाठवा.

गावकरी फिरकत नाहीत? बहुतेकदा वेळ चुकलेली असते. कापूस वेचणीच्या किंवा उसाच्या तोडीच्या दिवसांत सकाळी दहाला कोण येणार? संध्याकाळी घरोघरी जा. गावात दोन गट असतील तर काम दोन्हीकडच्या वस्तीला उपयोगी पडेल असं निवडा, आणि मुलांनी दोन्हीकडे निमंत्रण स्वतः द्यावं.

"मुलं फक्त प्रमाणपत्रासाठी आणि गुणांसाठी येतात" अशी कुरकूर शिक्षकांत ऐकू येते. येऊ द्या की. कशासाठी आला यापेक्षा आल्यावर त्याच्याकडे काय सोपवलं, हे महत्त्वाचं.

समारोपानंतर गावाकडे पाठ

दत्तक गाव हा शब्द कागदावर असतो, आणि समारोपाच्या दिवशी नारळ-शाल झाली की पुढच्या शिबिरापर्यंत कोणी तिकडे जात नाही. यात गावाचं नुकसान आहेच, पण मुलांचं जास्त आहे, कारण आपल्या निर्णयाचा परिणाम त्यांना दिसतच नाही. बंधारा फेब्रुवारीत कोरडा पडला का? शोषखड्डा तुंबला का? ज्यांनी केलं त्यांनीच जाऊन बघायला हवं.

२६ जानेवारीला बहुतेक गावांत ग्रामसभा होते. शिबिर डिसेंबरात झालं असेल तर महिनाभरात ही संधी येते. चार विद्यार्थ्यांनी जावं, सरपंचांच्या परवानगीने दहा मिनिटं मागावीत, काय केलं आणि काय राहिलं ते सांगावं, देखभाल कोण करणार हे ग्रामसभेसमोर विचारावं. अडचणीचे प्रश्न येतील, कोणी म्हणेल की अमक्याच्या शेतालाच पाणी मिळालं. उत्तर मुलांनीच द्यायचं. सरांनी मागच्या रांगेत बसायचं.

उन्हाळ्यात आणखी एक फेरी, आणि त्या फेरीत पहिल्या वर्षाची नवी मुलं सोबत न्यायची. गाव, माणसं, झालेली चूक आणि पुढचं काम जुन्यांनी नव्यांना दाखवायचं. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठीही हीच पद्धत चालते, फक्त आवाका लहान ठेवा : सात दिवसांऐवजी दर शनिवारचे दोन तास, गावाऐवजी शाळेसमोरची गल्ली, आणि गटात सहापेक्षा जास्त मुलं नकोत.