पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात दवाखाना चालवताना

शाळेच्या वर्गात टेबल टाकलं की रांग लागते ती सर्दी, अंगदुखी आणि पायांच्या चिखल्यांची. ज्यांच्या जिवाला खरा धोका असतो ती माणसं बहुतेकदा रांगेत नसतात. त्यांची रोजची औषधं घराबरोबर पाण्यात गेलेली असतात आणि ‘दोन दिवसांनी बघू’ म्हणून ती गप्प बसतात. त्यामुळे ओपीडी सुरू करण्याआधी आशाताईंना सोबत घेऊन वर्गावर्गांतून फिरा आणि यादी करा: इन्सुलिन, फिट येणे, टीबी, एचआयव्ही, डायलिसिस, दिवस भरत आलेल्या बायका. हे प्रश्न प्रत्येकाजवळ बसून, हळू आवाजात विचारा. लाउडस्पीकरवरून टीबीच्या रुग्णांना बोलावलं, तर ती माणसं औषधही घेणार नाहीत आणि शेजारचे त्यांच्याजवळ झोपणारही नाहीत.

इन्सुलिन थांबवू नका. फ्रिज नसला तरी वापरात असलेली कुपी सावलीत, साध्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते. तिला थेट बर्फावर ठेवणं मात्र चूक, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. साठा अपुरा असेल तर टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही) मुलांना आधी द्या, त्यांचं इन्सुलिनशिवाय काही दिवसही निभत नाही. फिटची गोळी अचानक बंद झाली की झटके परततात, म्हणून तीही पहिल्याच दिवशी मिळवा. डायलिसिसच्या रुग्णाला रस्ता बंद होण्याआधी हलवा. तोवर मदतीत आलेली केळी, शहाळी आणि ओआरएस त्याला देऊ नका. तिन्हींत पोटॅशियम असतं, ते रक्तात साचलं तर हृदय थांबू शकतं.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची (उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली होती. म्हणून पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रौढांना हा आजार टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २०० मिलिग्रॅम एकदा, आणि पाण्याशी संपर्क चालू असेल तर दर आठवड्याला एकदा. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर अझिथ्रोमायसिन ठरवतात. वाटप सकाळच्या नाश्त्यानंतर करा. रात्री दिली की माणूस घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवा होतो, गोळी अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम होते. पेलाभर पाणी, आणि नंतर अर्धा तास आडवं होणं नाही. ताप, पोटऱ्यांत दुखणं, लाल डोळे दिसले तर ही प्रतिबंधक मात्रा पुरेशी नाही. तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करून रुग्ण पुढे पाठवा.

सगळ्यात अवघड प्रसंग बोटीतल्या एकाच जागेचा. निकष आधीच ठरवून भिंतीवर लावा, नाहीतर ज्याचा आवाज मोठा किंवा ओळख मोठी तो बसतो. जागा त्याची, जो आत्ता पोहोचला तर वाचेल आणि इथे राहिला तर वाचणार नाही. वय, जात, पुढारीपण यात येत नाही. निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, वेळ आणि कारण वहीत लिहावं. मागे राहिलेल्याला दर तासाला पुन्हा तपासा, त्याची पाळी बदलू शकते. पाठवून उपयोग नाही अशा रुग्णाला वेदनाशामक द्या, अंगावर कोरडी चादर घाला आणि घरच्या कुणाला तरी त्याच्याजवळ बसवा. नातेवाइकांना खरं सांगा. ‘पुढच्या बोटीत नेतो’ असं खोटं आश्वासन फार क्रूर असतं.

दान आलेल्या औषधांत कापलेल्या स्ट्रिप असतात, कापताना मुदतीची तारीख छापलेला भागच निघून गेलेला असतो. त्या बाजूला काढा, वाटू नका. बाळाच्या दुधाची पावडरही सरसकट वाटू नये. पाणी दूषित आणि बाटली अस्वच्छ असली की जुलाब ठरलेलेच. उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या होकाराशिवाय नको, आणि मदत मिळण्याच्या आशेने दिलेला होकार तो होकार नव्हे.

पथक निघण्याच्या आदल्या दिवशी रजिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे द्या. जुन्या आजाराच्या प्रत्येक रुग्णाच्या हातात एक कागद ठेवा: औषधाचं मूळ नाव (कंपनीने दिलेलं नव्हे), मात्रा, किती दिवसांचं दिलं, पुढचं कुठे मिळेल. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या.