मध्ययुगीन स्पेनवरचा निबंध पारितोषिकासाठी पाठवताय? या चुका टाळा

प्रबंधातलं एक प्रकरण उचलायचं, वरचं 'प्रकरण तिसरे' खोडायचं आणि पाठवून द्यायचं. नवोदित संशोधकांसाठीच्या पारितोषिकांत चांगली मेहनत केलेले निबंधही इथेच मार खातात. प्रबंधातल्या प्रकरणाला आधीच्या दोन प्रकरणांचा आधार असतो. परीक्षकांच्या हातात मात्र तेवढीच वीस-पंचवीस पानं असतात. पूर्वसंशोधनाचा आढावा संपता संपत नसेल, तर आधी शेवटची दोन पानं वाचा. खरा मुद्दा बहुतेकदा तिथे लपलेला असतो. तो पहिल्या पानावर आणा आणि त्याला न लागणारं सगळं निर्दयपणे कापा.

दुसरी चूक विषयाच्या गाभ्यातली आहे, आणि आपल्याकडच्या अभ्यासकांनी ती खास सांभाळावी. 'कालिला ए दिम्ना' हा कास्तीलियन (कास्तील राज्याची भाषा, म्हणजे जुनी स्पॅनिश) गद्याचा आरंभीचा मोठा कथासंग्रह म्हणजे आपल्या करटक-दमनकांचाच गोतावळा, त्यामुळे थेट पंचतंत्राशी तुलना करायचा मोह होतो. पंचतंत्रात दमनक सुखरूप सुटतो. कास्तीलियन ग्रंथात दिम्नावर, म्हणजे त्याच दमनकावर, खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. यावरून 'कास्तीलच्या दरबाराने कथेत न्याय आणला' असा निष्कर्ष काढलात, तर निबंध तिथेच कोसळला. खटल्याचं प्रकरण आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या अरबी ग्रंथातच आलेलं आहे. कास्तीलच्या अनुवादकांसमोर अरबी पोथी होती, संस्कृत नव्हे. तुलना जरूर करा, पण मधले पहलवी (जुनी इराणी भाषा) आणि अरबी टप्पे ओलांडून उडी मारू नका.

याच ग्रंथात तारखांचा सापळाही आहे. एका हस्तलिखिताच्या शेवटी 'एरा १२९९' असं लिहिलंय. हा इसवी सन नव्हे. स्पेनमधली ही कालगणना इसवी सनाच्या ३८ वर्षं पुढे चालते, म्हणजे हे साल १२६१. शकात ७८ मिळवायची सवय असलेल्या आपल्याला हे गणित जड नाही, पण काम वजाबाकीवर संपत नाही. तिथे अनुवाद करवून घेणाऱ्या आल्फोन्सोला (पुढे कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो) राजपुत्र म्हटलंय, आणि तो तर १२५२ मध्येच गादीवर आला. म्हणून लेखनिकाची चूक मानून अनेक अभ्यासक १२५१ हे साल धरतात. कास्तीलचा वीर 'सिद' याच्या महाकाव्याचंही तसंच: शेवटी एरा १२४५, म्हणजे इ.स. १२०७; पण माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेली एकमेव प्रत चौदाव्या शतकातली. रचना, नक्कल आणि हाती असलेली प्रत यांच्या तारखा वेगवेगळ्या मांडा. नुसतं '१२०७ चं हस्तलिखित' लिहिलंत की जाणकार परीक्षक तिथेच थबकतो.

छापील आवृत्ती म्हणजेच मूळ ग्रंथ, असं धरून चालू नका. 'लिब्रो दे बुएन आमोर' या चौदाव्या शतकातल्या कास्तीलियन काव्याची मुख्य हस्तलिखितं तीन. त्याची गद्य प्रस्तावना फक्त सालामांकाच्या प्रतीत आहे. संपूर्ण युक्तिवाद त्या प्रस्तावनेवर उभा असेल, तर हे सांगायलाच हवं. माद्रिदच्या ग्रंथालयाने बरीच हस्तलिखितं डिजिटल स्वरूपात खुली केली आहेत. पुण्यात बसूनही निदान वादाचा शब्द मूळ पानावर तपासता येतो. तेवढे कष्ट घ्याच.

'तीन धर्म (ख्रिस्ती, इस्लाम, यहुदी) गुण्यागोविंदाने नांदत होते' हे वाक्य पुराव्याशिवाय लिहू नका. स्पॅनिश अभ्यासक आमेरिको कास्त्रोंनी १९४८ मध्ये सहजीवनाची कल्पना मांडली, इतिहासकार सांचेस-आल्बोर्नोस यांनी तिला कडाडून विरोध केला, आणि तो वाद अजून धुमसतोय. ख्रिस्ती राजांनी जिंकल्यानंतरची दोन शहरं, १०८५ नंतरचं तोलेदो आणि १२४८ नंतरचं सेव्हिल, यांनाही एकाच मापाने मोजता येत नाही. एक शहर, एक दस्तऐवज, एक पिढी घ्या. मग जे दिसेल ते ठामपणे लिहा. शक्यतो सगळीकडे 'स्पेन' न लिहिता कास्तील, आरागॉन, नावार्रा किंवा अल-अंदलूस (मुस्लिम सत्तेखालचा भाग) असं नेमकं नाव द्या.

आता तांत्रिक बाबी. परीक्षण निनावी असेल, तर पहिल्या पानावरून नाव काढणं पुरत नाही. फाइलच्या प्रॉपर्टीज, ऋणनिर्देश आणि 'माझ्या आधीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे' असल्या तळटीपाही तपासा. शब्दमर्यादेत तळटीपा धरतात का, पदवी मिळून किती वर्षं झालेली चालतात, निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडे विचाराधीन असलेला चालतो का, हे नियमावलीत स्पष्ट नसेल तर आयोजकांना मेल करून विचारा. मुदतीच्या आदल्या रात्री मात्र उत्तराची अपेक्षा ठेवू नका.