स्पीड पोस्टच्या ट्रॅकिंगमधील नोंदी कशा वाचाव्यात

प्रथम पावतीवरील तेरा स्थानांचा क्रमांक भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर मधे जागा न सोडता भरावा. त्यात आरंभी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे आणि शेवटी भारतासाठी ‘आयएन’ असते. नवव्या आकड्याचे मूल्य आधीच्या आठ आकड्यांवरून ठरते. तो केवळ पडताळणीसाठी असतो.

नोंदी तारखेच्या क्रमाने वाचाव्यात आणि प्रत्येक नोंदीसमोरील कार्यालयाचे नावही पाहावे. ‘आयटम बुक्ड’ म्हणजे टपाल खिडकीवर स्वीकारले गेले, एवढेच. ते तेथून हलले असा त्याचा अर्थ नाही. ‘आयटम बॅग्ड’ ही नोंद मात्र नीट समजून घ्यावी, कारण बहुतेकांची काळजी येथूनच सुरू होते. आपले पार्सल एकाच ठिकाणी जाणाऱ्या इतर टपालाबरोबर पिशवीत भरले जाते, पिशवी बंद होते आणि पुढच्या प्रवासात नोंद होते ती पिशवीची, आतल्या प्रत्येक वस्तूची नव्हे. म्हणून ‘बॅग डिस्पॅच्ड’नंतर एक-दोन दिवस काहीच दिसले नाही, तरी पार्सल हरवले असे समजू नये, पिशवी उघडली गेली की ‘आयटम रिसीव्हड’ ही नोंद येते. कार्यालयाच्या नावात ‘एनएसएच’ असल्यास ते राष्ट्रीय वर्गीकरण केंद्र, तर ‘आयसीएच’ असल्यास परिमंडळांतर्गत (म्हणजे साधारणपणे एका राज्यातल्या टपालाचे) वर्गीकरण केंद्र समजावे. टपाल अशा केंद्रांतून जाते, म्हणून सांगलीचे पार्सल मधेच पुण्यात दिसले, तर ते वाट चुकले असेलच असे नाही.

‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसले की पार्सल पोस्टमनच्या हाती असते. त्यानंतर ‘डोअर लॉक्ड’ आले, तर ट्रॅकिंग क्रमांक व ओळखपत्र घेऊन वाटप करणाऱ्या कार्यालयात लवकर जावे, अन्यथा ठरावीक मुदतीनंतर पार्सल प्रेषकाकडे परत जाते. ‘इन्सफिशियंट अॅड्रेस’ आल्यास पत्ता अपुरा आहे असे समजावे आणि घराची नेमकी खूण त्याच कार्यालयाला कळवावी.

‘आयटम डिलिव्हर्ड’ दिसूनही हाती काही पडले नसेल, तर आधी घरच्यांकडे व इमारतीच्या पहारेकऱ्याकडे चौकशी करावी. तेथेही थांगपत्ता लागला नाही, तर त्या नोंदीतील तारीख, वेळ व कार्यालय टिपून 1800 266 6868 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बुकिंगची पावती तोवर फेकू नये.