पीठ आपल्या हातात, लाटणं बाहेर: घरगुती मसाल्याचा धंदा वाढवताना

ओळखीपाळखीत मसाला खपायला लागला की दोन-तीन वर्षांनी एक वेळ येते. ऑर्डरी येत असतात, पण मिरच्यांचे देठ काढायला, पाकिटं भरायला, फोन घ्यायला आणि कुरिअरवाल्याकडे धावायला माणूस एकच असतो. मग कोणीतरी सुचवतं, ‘बाहेरून करून घे ना!’ सल्ला बरोबर आहे. फक्त काय बाहेर द्यायचं हे ठरवताना भल्याभल्यांचं चुकतं. माझंही चुकलं होतं.

आधी लिज्जतकडे बघा. 1959 साली गिरगावातल्या 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. आज त्यांचा पसारा देशभर आहे, पण कामाची वाटणी साधीच आहे. पीठ केंद्रावर मळलं जातं. बहिणी ते घरी नेतात, लाटतात आणि वाळलेले पापड परत आणून देतात. तिथे ते तपासून, वजन करून घेतात. त्या बहिणी संस्थेच्या मालकीणही आहेत, त्यामुळे हे आपल्या अर्थाने ‘काम बाहेर देणं’ म्हणता येत नाही. पण घेण्यासारखं त्यात आहेच: चव पिठात आहे, म्हणून पीठ एका जागी मळायचं.

पहिली पायरी: तुमचं ‘पीठ’ कोणतं ते शोधा

एका कागदावर मिरची आणण्यापासून पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतची सगळी कामं लिहा. निवडणं, वाळवणं, भाजणं, कांडप, चाळणं, भरणं, लेबल, हिशेब, पोचवणं. प्रत्येकासमोर एकच प्रश्न: हे काम दुसऱ्याने केलं तर गिऱ्हाइकाला जिभेवर कळेल का? मसाल्यात उत्तर बहुतेक भाजण्यापाशी येतं. धणे किती भाजले, खोबरं कुठल्या रंगावर उतरवलं, हे तुमचं. देठ काढणं, पाकिटं भरणं, जीएसटीचे कागद आणि कुरिअर ही कामं खुशाल द्या.

कांडप मात्र फसवं आहे. डंक, म्हणजे मसाला कांडायचं यंत्र, आपल्याकडे नसतो, त्यामुळे ते बाहेर जाणारच. एका मे महिन्यात मी नेहमीची गिरणी सोडून किलोमागे पाच रुपये वाचवायला दुसरीकडे गेले. माझ्या आधी कोणाचा तरी मच्छीचा मसाला कांडून झाला होता. माझा गोडा मसाला घरी आणून डबा उघडला, तर वरणात घालायची सोय नव्हती. तेव्हापासून नियम असा: सकाळचा पहिला घाणा आपला, नाहीतर आपलेच किलोभर धणे आधी डंकातून काढून बाजूला ठेवायचे. आणि तिथे उभं राहायचं. मोबाइल बघत नव्हे, डंकाकडे बघत.

दुसरी पायरी: स्वतःची मजुरी धरून किंमत काढा

समजा, 11 किलो कच्चा माल 4,400 रुपयांना आला. देठ, वाळवणी, सांडलवंड वजा जाता मसाला भरला 10 किलो, म्हणजे पाव किलोची 40 पाकिटं. कांडप 550, पाकिटं आणि लेबलं 320, गॅस-वीज-रिक्षा 230. इथपर्यंत सगळे लिहितात. पाचवी ओळ बहुतेक वहीत नसते: तुमचे दोन दिवस, 500 रुपये रोजाने 1,000. बेरीज 6,500. पाकीट पडलं 162 रुपये 50 पैशांना.

आता 220 रुपये छापील किंमत ठेवलीत आणि दुकानदाराने 25 टक्के मागितले, तर 55 त्याचे. हातात 165. नफा अडीच रुपये! एक पाकीट फुटलं की साठेक पाकिटांचा नफा गेला. 260 ठेवलीत तर 65 त्याचे, तुमच्याकडे 195, म्हणजे साडेबत्तीस सुटले. जीएसटी नोंदणी असेल तर तोही याच किमतीतून भरायचा. ‘एवढ्या महाग कोण घेणार?’ ही भीती खरी आहे, पण मजुरी न धरता स्वस्त विकणारी बाई मदतनीस कधीच ठेवू शकत नाही. तिच्या हिशेबात मदतनिसाचा पगार नाहीच ना.

मिरचीचा भाव दरवर्षी नाचतो. नवी मिरची साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येते, तेव्हा वर्षभराची घ्यायचा मोह होतो. पण नीट साठवली नाही तर बेडगी मिरचीचा रंग उतरतो, कीड लागते ती वेगळीच. घरात जेवढी कोरडी, अंधारात राहील तेवढीच घ्या. भाव चढला तर किंमत वाढवा किंवा 100 ग्रॅमचं पाकीट काढा. बेडगी कमी करून दुसरी मिरची वाढवू नका. सासूबाई पहिल्याच आमटीला ओळखतात, आणि गिऱ्हाइकांतही सासूबाई असतात.

तिसरी पायरी: लेबल दुसऱ्याकडून, पण मजकूर तुमचा

डिझाइन हौसेने भाच्याकडून करून घेऊ नका, चार पैसे देऊन करून घ्या. पण मजकूर आधी स्वतः लिहून द्या: पदार्थाचं नाव, घटक (ज्याचं प्रमाण जास्त तो आधी), निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच, तुमचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहारीचं हिरवं चिन्ह आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक. त्यांच्याकडची नोंदणी विक्री सुरू करण्याआधी करायची, ‘जरा धंदा वाढू दे’ म्हणून थांबायचं नाही.

मी किंमत छापून एकदम 3,000 लेबलं करून घेतली होती. पुढच्याच हंगामात मिरची महागली आणि गठ्ठे माळ्यावर गेले. आता किंमत, तारीख आणि बॅचची जागा कोरी ठेवते, शिक्का मारते. पहिल्यांदा 200च छापा. एकावर तेलाचं बोट फिरवून बघा. शाई पसरली तर कागद बदला. पाकीट समोरच्या भिंतीपाशी ठेवून नाव वाचता येतं का बघा. लाल मसाल्याच्या पारदर्शक पाकिटावर लाल अक्षरं हरवतात. आणि डिझाइन करणाऱ्याकडून नुसतं चित्र घेऊ नका, बदल करता येतील अशी मूळ फाइल घ्या, नाहीतर फोन नंबर बदलायलाही पुन्हा त्याच्याच दारात.

चौथी पायरी: जाहिरातीआधी दुसरी खरेदी

पहिलं पाकीट कौतुकाने जातं. मामी घेते, शेजारी घेतात. दुसरं चवीने जातं. म्हणून वहीत नावासमोर तारखा लिहा. तीन महिन्यांत 50 पैकी किती जण परत आले? दहा-बारा आले असतील तर जाहिरातीवर एक रुपया घालू नका, आधी उरलेल्यांना फोन करा. तिखट जास्त होतं का, पाकीट पुन्हा बंद होत नाही का, असलं काही तरी निघतं.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायची सोय, कामाची आहे, पण तुमचा नंबर ज्यांनी जतन केलाय त्यांनाच निरोप जातो. त्यामुळे पैसे घेताना समोरच गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर जतन करून घ्या. महालक्ष्मी सरस किंवा भीमथडीसारख्या जत्रांत गाळा मिळाला तर विक्रीपेक्षा नंबर गोळा करा. सोबत 25 ग्रॅमची पुडी द्या, तीवर एका भाजीपुरतं प्रमाण लिहून.

शेवटी, भाजणं

एक दिवस तेही दुसऱ्याच्या हाती द्यावं लागेल. त्याआधी तुमचं ‘अंदाजाने’ वजनात आणा. काट्यावर मोजा, गॅस किती, मिनिटं किती ते लिहा, आणि नीट भाजलेल्या खोबऱ्याचा एक तुकडा बरणीत नमुना म्हणून ठेवा. रंग त्याच्याशी ताडायचा. तुकडा खवट झाला की नवा. मदतनिसाने भाजलेला पहिला घाणा विकायला काढू नका. चार जुन्या गिऱ्हाइकांना तो फुकट द्या, काही न सांगता. माझ्याकडे पहिल्या वेळी चारातल्या दोघींचा फोन आला, ‘ह्या वेळी धणे जरा कच्चे वाटले’. तिसऱ्या घाण्याला फोन आला नाही. मग मी तिला कढई दिली.