जुन्या प्लॅटफॉर्मर मालिकेचा नवा गेम कसा पारखावा

आवडत्या जुन्या मालिकेचा नवा गेम येणार म्हटले की पहिल्या ट्रेलरलाच दोन तट पडतात. एकाला बालपण परत मिळाल्यासारखे वाटते, तर दुसऱ्याला नव्या चित्रशैलीतच सगळे बिघडलेले दिसते. दोघेही डोळ्यांनी निवाडा करत असतात. प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत खड्डे आणि अडथळे ओलांडण्याचा व्हिडिओ गेम, मात्र बोटांनी पारखायचा असतो, आणि त्यातही सर्वांत आधी उडी.

म्हणून नव्या गेमला हात लावण्यापूर्वी मूळ गेम अर्धा तास तरी खेळून घ्यावा. आठवणीतल्या गेममध्ये आपण सहसा खड्ड्यात पडत नाही. प्रत्यक्षात पाचव्या मिनिटालाच पडतो.

मग नव्या गेमच्या पहिल्या लेव्हलमध्ये पुढे न धावता एका जागी उड्या माराव्यात. बटण नुसते टेकवले आणि दाबून धरले तर उंचीत फरक पडतो का, हवेत दिशा बदलता येते का, कडेवरून पाय सुटल्यानंतरही निमिषभर उडी घेता येते का, हे पाहावे. ‘क्रॅश बँडिकूट’च्या पहिल्या तीन गेमची नवी आवृत्ती २०१७ मध्ये आली तेव्हा दिसायला ती देखणीच होती, पण उडीनंतर क्रॅश पूर्वीपेक्षा लवकर खाली येई आणि फळीच्या कडेवर टेकला तरी घसरे, त्यामुळे पहिल्या गेममधल्या पुलांवर जुन्या खेळाडूंचाही अंदाज चुकू लागला. ती तक्रार स्मरणरंजनातून आलेली नव्हती.

वेगावर उभ्या असलेल्या मालिकेत उतारावर मिळवलेला वेग उडी मारल्यावरही टिकतो का, हे तपासावे. २०१० च्या ‘सॉनिक द हेजहॉग ४’मध्ये हवेत असताना दिशेचे बटण सोडले की सॉनिकचा वेग तिथेच संपे आणि तो सरळ खाली येई, जुन्या गेममध्ये तो मिळवलेल्या वेगानिशी पुढे जात असे. २०१७ च्या ‘सॉनिक मेनिया’त हा वेग पुन्हा सापडला, आणि तो गेम करणाऱ्यांत मुळात चाहते म्हणून सॉनिकचे गेम बनवणारे लोक होते, हा माझ्या मते योगायोग नव्हे.

काठिण्याविषयी बोलताना आपण कोणता पर्याय निवडला ते आधी सांगावे. २०२० च्या ‘क्रॅश बँडिकूट ४’मध्ये ‘रेट्रो’ निवडल्यास मोजकेच जीव मिळतात, तर ‘मॉडर्न’मध्ये कितीही वेळा मेले तरी गेम संपत नाही, फक्त मरणांची संख्या मोजली जाते, त्यामुळे दोन खेळाडूंची मते जुळली नाहीत तर नवल नाही.

प्रतिक्रिया लिहिण्यापूर्वी निदान तीन-चार लेव्हल पार कराव्यात आणि ‘वेगळे’ व ‘वाईट’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘पूर्वीची मजा नाही’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘बटण लगेच सोडले तरी उडी पूर्ण उंच जाते, त्यामुळे ठेंगण्या छताखालच्या काट्यांवर डोके आपटते’ असे लिहिले, तर तो स्वतः कंट्रोलर हातात घेऊन ते ताडून पाहू शकतो.