आबा उगाच तापले, तर आधी साखर मोजा

आषाढात लावणी चालू होती. आबा, म्हणजे माझे सासरे, बांधावर बसून तरवा काढणाऱ्या बायकांवर खेकसायला लागले. एरवी हा माणूस आवाज चढवत नाही. मानेवर ओल होती, पण पावसात घाम कळणार कसा? पंच्याने पुसली, तर लगेच पुन्हा ओली. "साखर बघूया," म्हटलं तर म्हणतात, "माका काय्येक झाला नाय!" मशीनवर आकडा ५१. सकाळी इन्सुलिन रोजच्याएवढंच घेतलेलं, पोटात वाटीभर पेज आणि वर चार तास वाकून काम.

७० च्या खाली म्हणजे साखर उतरली, ५४ च्या खाली म्हणजे धोका. थरथर, धडधड, भूक ही लक्षणं सगळ्यांना पाठ असतात. मी आधी स्वभाव बघते. उगाच चिडणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, जीभ जड होणं, चाल प्यायल्यासारखी. मेटोप्रोलॉलसारख्या प्रेशरच्या गोळीने धडधड झाकली जाते, घाम मात्र सुटतोच. दिवसा फार कष्ट झाले की साखर रात्रीही उतरते: बनियन चिंब, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड.

गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या. मशीन हाताशी नसेल तरी थांबू नका. १५ मिनिटांनी मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. लाडू नको, तुपामुळे साखर उशिरा चढते. आकडा वर आला की जेवायला वाढा. शुद्ध हरपली किंवा झटके आले तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, तर ते साखर उतरणं नव्हे, ती ॲलर्जी. तेव्हाही १०८च.

इन्सुलिनची सिरिंज बघून घ्या. लाल टोपीची ४० ची असते, म्हणजे मिलीला ४० युनिटं असलेल्या इन्सुलिनसाठी. तिने १०० ची बाटली भरलीत तर डोस अडीचपट जातो.

आबा वर्षानुवर्षं बेंबीच्या उजवीकडेच टोचायचे. तिथे गाठ झाली. गाठीत इन्सुलिन कधी मुरत नाही, कधी एकदम मुरतं. जागा बदलताना डोस डॉक्टरांना विचारा. ताज्या जागी तेवढ्याच युनिटांनी साखर धाडकन उतरू शकते.

शेतावर जाताना आबांच्या खिशात साखरेची पुडी देत होते. पहिल्याच सरीत तिचा पाक झाला. आता गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून देते.