तळ्यात निळा रंग टाकताय? या चुका टाळा

शेततळ्यात शेवाळ माजलं की ठिबकचे फिल्टर धुता धुता दिवस जातो. म्हणून काहीजण पाण्याला रंग देतात. पण हा रंग शेवाळ मारत नाही, फक्त सावली धरतो. ही गोष्ट विसरली की पुढचं सगळं चुकतं.

रंगपंचमीचा उरलेला किंवा कापडाचा रंग ओतू नका. त्यात काय आहे, हे पाण्यातल्या जिवांना भोगावं लागतं. खास तळ्यासाठी केलेल्या रंगांत बहुधा ब्रिलियंट ब्लू आणि टारट्राझिन ही दोन द्रव्यं असतात; दोन्ही खाण्याच्या रंगांतलीच. पहिलं नारिंगी-तांबडा प्रकाश शोषतं, दुसरं जांभळा-निळा. हरितद्रव्याला भूक असते ती नेमकी याच प्रकाशाची. म्हणून नुसता निळा अर्धंच काम करतो.

मापात तर हमखास गफलत होते. 30×30×3 मीटरचं तळं म्हणजे 2,700 घनमीटर पाणी, असं धरतात. पण बाजूंना 1:1 उतार (जितकं खोल, तितकंच आत) असेल तर तळ 24×24 मीटरच उरतो आणि काठोकाठ भरलं तरी पाणी 2,196 घनमीटर, म्हणजे सुमारे 22 लाख लिटर. दहा लाखाला एक भाग या प्रमाणाने सव्वादोन लिटरही लागत नाही. अर्थात प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच पाळा.

शेवाळ वर तरंगायला लागल्यावर रंग टाकणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्याला ऊन वरूनच मिळतं. आधी जाळीने ओढून काढा, मग रंग. जलपर्णीवर तर तो चालतच नाही. पाणी दोन फुटांपेक्षा उथळ असेल तिथे उजेड तळाशी पोचतो, त्यामुळे काठच्या उतारावर थोडं शेवाळ राहणारच.

कटला-रोहू मासे सोडलेत? मग रंगाच्या वाटेला जाऊ नका. माशांच्या खाद्यासाठी पाणी हिरवं व्हावं म्हणून एका हाताने शेण घालायचं आणि दुसऱ्या हाताने त्या हिरवाईचा उजेड अडवायचा, हा कसला हिशेब! पिण्याच्या पाण्यात किंवा सांडव्यातून ओढ्याला जाणाऱ्या पाण्यातही नको.

रंग देऊनही शेवाळ वाढतंच? पांढरी ताटली दोरीला बांधून सोडा. खोलवर स्पष्ट दिसली, तर रंग उन्हाने उडालाय किंवा नव्या पाण्याने पातळ झालाय. लगेच दिसेनाशी झाली आणि वर हिरवा थर असेल, तर बांधावर फेरी मारा. खताचं किंवा गोठ्याचं पाणी कुठून तरी आत उतरत असेल. आधी ते वळवा.